हत्तीचे शेपूट आणि गाढवाचे पाय



अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक असली म्हणजे आमच्या झोपेचे खोबरे होते. वॉशिंग्टनचे घड्याळ आमच्या घड्याळाच्या सात तास मागे चालते. त्यामुळे तेथील मध्यरात्रीचे निकाल आम्हांस सकाळच्या चहाबरोबर मिळतात आणि ते ऐकण्यासाठी आम्ही पहाटेपासून ताटकळत बसतो. तेथे मत देण्याचा आम्हांस काडीचाही हक्क नाही. परंतु ज्या विषयात हक्क नाही त्या विषयावर हक्काने बोलणे, ही आपल्या मंडळींची जुनी हौस आहे. शब्बाथच्या सकाळी किद्दूश आटोपला की आमचे स्नेही पेनसिल्वेनिया आणि मिशिगन यांविषयी अशा काही जिव्हाळ्याने बोलतात, की ऐकणाऱ्यास हे तालुके पेण आणि पनवेल यांच्या मधोमध असावेत असे वाटावे!

गेल्या महिन्यात अशाच एका बैठकीत आम्ही पोट धरून हसत असताना आमच्या आत्याबाईंनी आम्हांस हटकले. आत्याबाईंचे वय ब्याऐंशी. जन्म अलिबागचा, संसार अश्दोदचा. त्या म्हणाल्या, "अरे मास्तर, आपल्या नातवंडांचं बरंवाईट त्या लोकांच्या हातात, आणि तू दात काढून हसतोस? त्यात हसण्यासारखं आहे तरी काय?"

आत्याबाईंना तोंडावर उत्तर देण्याची आमची छाती नाही. म्हणून ते या सदरातून देत आहोत.

प्रथम त्या दोन पक्षांच्या चिन्हांकडेच पाहावे. रिपब्लिकनांचा हत्ती आणि डेमोक्रॅटांचे गाढव. १८२८ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना विरोधकांनी गाढव म्हणून हिणवले. पुढे टॉमस नॅस्ट नावाच्या व्यंगचित्रकाराने 'हार्पर्स वीकली'मध्ये ते गाढव लोकांच्या डोळ्यांपुढे कायमचे उभे केले. हत्तीही त्यानेच आणला. १८७४ च्या त्या चित्रात सिंहाचे कातडे पांघरलेले एक गाढव रानातील प्राण्यांस भेडसावीत आहे, आणि बिचारा हत्ती घाबरून खड्ड्याच्या काठाशी आला आहे. कातडे पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. मौज अशी, की थट्टेसाठी काढलेली ही दोन्ही जनावरे त्या पक्षांनी पुढे स्वतःच्या अंगणात बांधली आणि आज ती अभिमानाने मिरवतात. शिवीची पदवी करून घेणे सोपे नाही. त्यास अंगी थोडा मोकळेपणा लागतो.

याच नॅस्टने न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलचा पुढारी विल्यम ट्वीड याला जेरीस आणले. ट्वीड याने शहराच्या तिजोरीवर यथेच्छ हात मारला होता. वर्तमानपत्रांतील लेखांची आपल्याला पर्वा नाही, कारण आपल्या मतदारांना वाचता येत नाही. पण ती चित्रे मात्र थांबवा, असे तो म्हणे अशी आख्यायिका आहे. १८७५ मध्ये तो कैदेतून निसटला आणि पुढे स्पेनला पोहोचला. तेथील अधिकाऱ्यांनी त्यास ओळखले ते नॅस्टच्या चित्रावरून! त्या चित्रात ट्वीड दोन पोरांची मानगूट धरून उभा होता. स्पेनच्या पोलिसांस तो मुले पळवणारा वाटला, अशीही कथा सांगतात. कसेही असो, सरकारी तिजोरी पळवणारा हाती लागला आणि १८७८ मध्ये तुरुंगातच वारला. शिक्षक या नात्याने आम्हांस ही गोष्ट फार प्रिय आहे. चित्रकलेचा तास हा वाया गेलेला तास नव्हे, हे तीवरून सिद्ध होते.

आता २००० सालची हकिकत घ्या. 'हत्ती गेला आणि शेपूट राहिले' ही म्हण आपल्या पूर्वजांनी फ्लोरिडा न पाहताच रचली, याचे आम्हांस नवल वाटते. सबंध देशाची मोजणी उरकली आणि घोडे अडले ते त्या एका राज्यात. तेथील मतपत्रिकेस भोक पाडून मत द्यावयाचे होते. कित्येक मतपत्रिकांवर भोकाचा कागदी तुकडा पूर्ण सुटलाच नाही. कोठे तो एका कोपऱ्यावर लोंबत होता, तर कोठे त्यास नुसता पोचा आला होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा अधिपती कोण, हे ठरवण्यासाठी मोठमोठे अधिकारी डोळ्यांना भिंग लावून त्या कपट्यांकडे पाहत बसले! छत्तीस दिवस हा खेळ चालला. अखेर १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली, आणि सुमारे साठ लाख मतांपैकी ५३७ मतांच्या आधिक्याने बुश विजयी ठरले.

परंतु खरा विनोद पाम बीच परगण्यात घडला. तेथे आपल्या धर्माचे पुष्कळ वृद्ध सेवानिवृत्तीचे दिवस घालवतात. डेमोक्रॅटांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जो लीबरमन हे मोठ्या पक्षाने त्या पदासाठी उभे केलेले पहिलेच ज्यू गृहस्थ असल्याने ही मंडळी मोठ्या उमेदीने मतदानास गेली. मतपत्रिकेवर नावे दोन्ही अंगांस आणि भोके मधोमध, अशी रचना होती. डावीकडे दुसरे नाव डेमोक्रॅटांचे, पण दुसरे भोक मात्र उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन यांचे! ज्यांच्या इस्रायलविषयक विधानांवर ज्यू समाजाने वारंवार आक्षेप घेतला होता, त्या ब्युकॅनन साहेबांस या परगण्यात ३,४०७ मते पडली. ही बहुतेक मते आपली नव्हेत, असे त्यांनी स्वतःच दूरचित्रवाणीवर सांगून टाकले. आत्याबाई, 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' हे आपण ऐकले होते. येथे तर हरी गाढवाचे पाय धरावयास गेला आणि अंधारात भलत्याच्याच पाया पडला! हसावे की रडावे, हा प्रश्न त्या वृद्धांनाही पडला असेल. कारण त्या ३,४०७ मतांपुढे ५३७ हा आकडा किती लहान आहे, हे इयत्ता दुसरीतील मूलही सांगेल.

हे झाले प्रजेकडील विनोदाचे. राजाकडील विनोदाची कसोटी याहून अवघड आहे. २२ सप्टेंबर १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावली. यादवी युद्ध भरात होते. पाचच दिवसांपूर्वी अँटीटमच्या रणांगणावर एका दिवसात दोन्हीकडचे मिळून वीस हजारांहून अधिक सैनिक मृत किंवा जखमी झाले होते. लिंकन यांनी प्रारंभी काय करावे? आर्टेमस वॉर्ड या टोपणनावाने लिहिणाऱ्या विनोदी लेखकाचे एक प्रकरण त्यांनी मंत्र्यांस मोठ्याने वाचून दाखवले. अर्थमंत्री चेस यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की अध्यक्ष स्वतः मनसोक्त हसले आणि स्टँटनखेरीज इतरांनीही त्यांना साथ दिली. त्यानंतर लिंकन गंभीर झाले, आणि गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा त्यांनी पुढे ठेवला. ज्याच्या खांद्यावर एवढे ओझे आहे त्याने क्षणभर हसून घेतले, तर ते ओझ्याचा अपमान करणे नव्हे. ते उचलण्यापूर्वी घेतलेला तो श्वास होय.

३० मार्च १९८१ रोजी रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. रुग्णालयात पत्नीस पाहताच ते म्हणाले, "अगं, खाली वाकायला विसरलो!" हे वाक्य मूळचे मुष्टियोद्धा जॅक डेंप्सी याचे, परंतु उसन्या वाक्यालाही वेळ साधावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी डॉक्टरांकडे पाहून, आपण सारे रिपब्लिकन असाल अशी आशा व्यक्त केली. तेव्हा विरुद्ध पक्षाच्या विचारांचे डॉ. जोसेफ जिओर्डानो उत्तरले, "अध्यक्षमहाराज, आज आम्ही सगळेच रिपब्लिकन आहोत." या एका वाक्यात लोकशाहीचा सबंध धडा आहे, असे आम्हांस वाटते.

मात्र त्याच रेगन यांची ११ ऑगस्ट १९८४ ची थट्टाही विसरता येत नाही. नभोवाणीवरील भाषणापूर्वी ध्वनिक्षेपकाची चाचणी घेताना, रशियाला कायमचे बेकायदा ठरवले असून पाच मिनिटांत बाँबवर्षाव सुरू होईल, असे ते सहज बोलून गेले. ते शब्द बाहेर फुटले आणि मॉस्को खवळले. स्वतःच्या छातीतील गोळीवर केलेला विनोद आणि दुसऱ्यांच्या डोक्यावर पडणाऱ्या बाँबचा विनोद, यांत महदंतर आहे. पहिला धैर्यातून निघतो, दुसरा सत्तेच्या सुस्तीतून.

२७ जून २०२४ च्या वादसभेत एक्याऐंशी वर्षांचे बायडन आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ट्रम्प गोल्फ अधिक चांगले कोण खेळतो यावरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा आत्याबाई काय म्हणाल्या हे त्यांना आठवत असेल. "अरे, या वयात आमच्याकडे माणसं चष्मा कुठे ठेवला यावरून भांडतात!" म्हणजे आत्याबाईही हसल्या होत्या. महिनाभरात बायडन यांनी उमेदवारी सोडली. जे पंडितांस लिहिण्यास जड जात होते ते घरोघरचे आजीआजोबा थट्टेने आधीच बोलून चुकले होते.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. थट्टा बंद पाडली तर काय होते? १९६९ मध्ये सीबीएसने स्मदर्स बंधूंचा विनोदी कार्यक्रम बंद केला. व्हिएतनामच्या युद्धावरील त्यांचे टोमणे जिव्हारी लागत होते. ज्या जॉन्सन यांना या बंधूंनी सर्वाधिक बोचकारले, त्यांनीच १९६८ च्या अखेरीस त्यांस पत्र लिहून कळवले होते, की उपहासकांचे लक्ष्य होणे ही नेतृत्वाची किंमतच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी दळणवळण आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर इशारा दिल्यानंतर एबीसीने जिमी किमेल यांचा कार्यक्रम थांबवला. लोकांत गदारोळ झाला आणि आठवड्याच्या आत तो पुन्हा सुरू झाला. किमेल यांचे बोलणे कोणास रुचो वा न रुचो, विदूषकाचे तोंड राजाच्या चाकराने धरू नये. आपल्या मायदेशी 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक १९७५ साली आणीबाणीच्या काळात बंद पडले. निरोपाच्या लेखात त्यांनी लिहिले होते, की हुकूमशाहीला हसणे परवडत नाही.

दुसऱ्यांस उपदेश करणे सोपे असते. म्हणून आता आमची स्वतःची फजिती सांगतो. मुंबईस अध्यापनाचे शिक्षण घेऊन आम्ही येथे आलो आणि १९९७ मध्ये एका शाळेत इंग्रजी शिकवू लागलो. इंग्रजी ठीक होते. हिब्रूने मात्र आमची दैना केली. हिब्रूत मुलगे मोजावयाचे ते 'श्लोशा' आणि मुली मोजावयाच्या त्या 'शालोश'. आम्ही मराठीच्या सवयीने दोहोंनाही एकच आकडा लावीत असू. एके दिवशी वर्गात शिरतो तो एक विद्यार्थी फळ्यापाशी उभा राहून आमची हुबेहूब नक्कल करीत होता: आमचे उच्चार, आमचे मान डोलावणे, आमचे 'श्लोशा येलादोत'. वर्ग खदखदून हसत होता. आम्ही संतापलो. त्या मुलास बाहेर काढले आणि त्याच्या आईवडिलांस चिठ्ठी धाडली.

त्यानंतर वर्ग एकदम शांत झाला. ती शिस्त आहे असे समजून आम्ही खूश होतो. सत्राच्या अखेरीस परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत आमच्याकडून मोठी चूक राहिली. एका उताऱ्याखाली भलत्याच उताऱ्याचे प्रश्न छापले गेले. चौतीस मुलांनी तासभर त्या प्रश्नांशी झटापट केली. एकानेही हात वर केला नाही. पेपर तपासताना आमच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, "तुम्ही मला सांगितले का नाही?" पहिल्या बाकावरील एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "सर, तुमची चूक काढलेली तुम्हाला आवडत नाही ना."

वाचकहो, इतकी वर्षे लोटली तरी ते वाक्य आमच्या कानांतून गेलेले नाही. त्याच दिवशी आम्ही त्या मुलास फळ्यापाशी बोलावले आणि आमची नक्कल पुन्हा करून दाखवण्यास सांगितले. त्याने भीतभीत केली. पहिल्यांदा हसलो ते आम्ही. आणि 'शालोश येलादोत' त्या दिवसापासून आम्ही चुकलो नाही.

आत्याबाई, आम्ही अमेरिकेच्या लोकांस हसतो ते त्यांचे काही बिघडावे म्हणून नव्हे. जोवर तेथून हसण्याचा आवाज येतो आहे, तोवर तेथे कोणीतरी हात वर करून चूक सांगतो आहे, एवढे आम्हांस कळते. नातवंडांची काळजी आम्हांसही आहेच. ज्या पहाटे निकाल लागेल आणि तेथून हसण्याचा आवाज येणार नाही, त्या पहाटे आम्ही दात काढणार नाही. त्या दिवशी चहाही आपणच करावा आणि आमच्या शेजारी येऊन बसावे.