पडद्यामागील सरस्वतीबाई

हॉलीवुडमध्यें चित्रफीत कापून जोडण्याचें काम प्रारंभापासून पुष्कळ स्त्रिया करीत. त्यांपैकीं मार्गारेट बूथ एका बड्या कंपनीच्या मुख्य संकलक झाल्या व १९७८ सालीं त्यांस सन्मानाचें ऑस्कर मिळालें. आपल्याकडे हें काम प्रथम एका गृहिणीनें राहत्या घरांत केलें, हें नागपुरांतील किती कुटुंबांस ठाऊक असेल?

दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेहून ही विद्या पाहून परतले. 'राजा हरिश्चंद्र'साठीं पत्नी सरस्वतीबाईंनीं दागिने दिले, हें सर्वश्रुत आहे. त्याहून मोठें दान श्रमाचें होतें. कोऱ्या फितीस कडेनें भोकें नसत. तीं अंधारांत यंत्रानें पाडावीं लागत. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून बाई रात्रीं हें काम करीत. फीत धुणें, तुकडे जोडणें, हेंही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत तो चित्रपट लागला. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळाली नाहीं. ती अण्णा साळुंके या पुरुषानें केली. पडद्यामागें मात्र स्त्री होतीच!

१९६९ पासून दादासाहेबांच्या नांवें राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, तो योग्यच. परंतु ज्या कामास बाहेर पगार व पदवी, त्यासच घरांत नुसता 'हातभार' म्हणावें, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. मुलांस फाळक्यांची गोष्ट सांगतांना बाईंचेंही नांव घ्यावें, इतकीच आमची विनंति.