मोजमाप आम्हांलाही शिकू द्या



'मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन' हे शब्द अलीकडे कामगार संघटनांच्या कागदपत्रांत वरचेवर येऊ लागले आहेत. मराठीत देखरेख आणि मूल्यमापन. परदेशी मदतीवर चालणाऱ्या विकासकामांत हा आता एक स्वतंत्र पेशा झाला आहे. त्याचे अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रे आहेत, देशोदेशी फिरणारे सल्लागार आहेत. या पेशात कामगाराच्या मुलाला, किंबहुना खुद्द कामगाराला शिरकाव का नसावा, असा आमचा सवाल आहे.

कोणी म्हणेल, रुळावरच्या आणि टपालाच्या माणसाला याच्याशी काय देणेघेणे? आम्ही म्हणतो, देखरेख आपल्याला कोणी शिकवावी! की-मॅन रोज आपल्या बीटमधला रूळ पायी चालून तपासतो. पावसाळ्यात पेट्रोलमन रात्रभर कंदील घेऊन फिरतो. टपाल खात्यात टेस्ट लेटर टाकून पत्र किती दिवसांत पोहोचते ते पाहतात, आणि मेल ओव्हरसियर खेड्यात जाऊन खातेदाराच्या पासबुकातली रक्कम दप्तराशी ताडून पाहतो. ही देखरेखच आहे. तिला कोणी इंग्रजी नाव दिले नाही, एवढेच.

मूल्यमापन मात्र एक पाऊल पुढे जाते. समजा, प्रशासनाने गँगला रेनकोट वाटले. शंभर मंजूर, शंभर वाटले, सह्या घेतल्या. देखरेखीच्या तक्त्यात काम पूर्ण. पण रेनकोट हातात पडले ऑक्टोबरात, आणि पाऊस तर जूनमध्ये सुरू झाला होता. मग माणूस कोरडा राहिला का? हा दुसरा प्रश्न विचारणे म्हणजे मूल्यमापन. पहिला प्रश्न विचारणारे कारकून पुष्कळ आहेत, दुसरा विचारणारे कमी.

ही विद्या परकी आहे असेही समजू नये. १९५२ साली सामुदायिक विकास योजना सुरू झाली, तेव्हाच नियोजन मंडळाने तिच्या परीक्षणासाठी वेगळी मूल्यमापन संघटना काढली. तिच्या कामाची सुरुवातीची धुरा पुण्याचे अर्थतज्ज्ञ प्रा. द. गो. कर्वे यांच्याकडे होती. अमेरिकेच्या मदतसंस्थेसाठी 'लॉगफ्रेम' नावाचा प्रसिद्ध तक्ता तयार झाला तो १९६९ च्या सुमारास, म्हणजे त्यानंतर. आज जगभर ज्या कसोट्या लावतात, म्हणजे काम गरजेचे होते का, उद्दिष्ट साधले का, खर्च वाजवी होता का, परिणाम काय झाला, तो टिकेल का, त्या श्रीमंत देशांच्या एका समितीने १९९१ साली मांडल्या. २०१९ साली त्यात आणखी एक घातली, की हे काम इतर कामांशी जुळते का. आपल्याकडची जुनी संघटना २०१५ मध्ये नीती आयोगाच्या नव्या कार्यालयात विलीन झाली.

मुंबईच्या बांधवांना एक उदाहरण जवळचे वाटेल. लोकल गाड्यांच्या सुधारणेसाठी जागतिक बँकेच्या कर्जावर २००२ साली मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प मंजूर झाला. रुळांलगतची हजारो कुटुंबे उठवून दुसरीकडे वसवायची होती. २००४ साली बाधित रहिवासी आणि दुकानदारांनी थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. घर मिळेल, पण धंदा बुडाला त्याचे काय, असा दुकानदारांचा रास्त प्रश्न होता. मंडळाने चौकशी केली, उणिवा दाखवल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या कामांचे पैसे काही महिने रोखून धरले. मोजमापाच्या कागदात केवढी ताकद असते ते यावरून कळते. ज्यांना मंडळाचे नियम ठाऊक झाले, त्यांनाच ती वापरता आली.

आता आमच्या अनुभवातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या डिव्हिजनमध्ये एका परदेशी कामगार संघटनेच्या मदतीने कंत्राटी सफाई कामगारांसाठी शिक्षणवर्ग चालले. मूल्यमापनासाठी एक गृहस्थ आले. माणूस सज्जन होता. दोन दिवस राहिले, हजेरीपट पाहिला, व्हाउचर पाहिली, फोटो पाहिले. यार्डात डबे धुणाऱ्या बायांशी बोलणे झाले ते दुभाष्यामार्फत, आणि ठेकेदाराचा सुपरवायझर शेजारी उभा असताना. त्या काय बोलणार? वर्गांची हजेरी घटली, असे अहवालात आले. ते खरेच होते. पण ठेकेदाराने पाळ्या बदलल्या म्हणून ती घटली, हे कोणी विचारले नाही. त्याच वर्गांतून शिकून बायांनी पी. एफ. चे नंबर मागितले आणि मिळवले, याचीही कोठे नोंद नाही, कारण तक्त्यात तसा रकानाच नव्हता. पुढचा टप्पा मंजूर झाला नाही. हेच काम भुसावळच्या किंवा इटारसीच्या एखाद्या शिकलेल्या कामगार भगिनीने केले असते, तर तिने आधी सुपरवायझरला चहाला पाठवले असते!

संधी अजिबात नाहीत असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे प्रशिक्षण केंद्र इटलीत ट्यूरिन येथे आहे, आणि तेथे कामगार संघटनांच्या प्रतिनिधींसाठी खास विभाग आहे. २००१ साली कॅनडात सुरू झालेला, मूल्यमापनावरचा एक मोठा अभ्यासक्रम आता स्वित्झर्लंडमध्ये बर्नला भरतो. त्याची फी आपल्या आवाक्यातली नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. अमेरिकेच्या एम. आय. टी. संस्थेचा विकासविषयक अभ्यासक्रम इंटरनेटवर आहे. त्याला पदवीची अट नाही आणि परीक्षेची फी उत्पन्न पाहून ठरते, पण तो सारा इंग्रजीत आहे आणि गणित पक्के लागते. आपल्या देशात नोएडाची व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था कामगार कार्यकर्त्यांची शिबिरे घेते. १९५८ पासूनचे श्रमिक शिक्षण मंडळ आहेच, त्याचा नागपूरशी संबंध आपणांस माहीत आहे. या दोन्ही ठिकाणी मराठीतून, निदान हिंदीतून, आठ-दहा दिवसांचा मूल्यमापनाचा वर्ग सुरू व्हावा, अशी आमची मागणी आहे. पाहणीचे फॉर्म आता मोबाईलवर मराठीत भरता येतात आणि त्याची साधने फुकट मिळतात. तेव्हा भाषेची सबब कोणी सांगू नये.

आणि हे केवळ नोकरीच्या संधीसाठी नाही. २०१५ साली राष्ट्रसंघाने जी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवली, त्यांत संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांचा एक निर्देशांक आहे, क्रमांक ८.८.२. कोणत्या देशात कामगाराचा हक्क किती पाळला जातो, हे त्यावर जोखतात. तो श्रम संघटनेकडे जमा झालेल्या लेखी नोंदींवरून काढतात. आमची तक्रार नीट तारीखवार, पुराव्यानिशी लिहून गेली नाही, तर त्या हिशेबात आम्ही धरलेच जाणार नाही. शाखेच्या मीटिंगमध्ये कितीही घोषणा दिल्या तरी त्या जिनिव्हाला ऐकू जात नाहीत.

म्हणून फेडरेशनच्या पुढील कार्यकारिणीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. प्रत्येक डिव्हिजन आणि टपाल विभागातून दोन तरुण सभासद निवडावेत, त्यांतील एक भगिनी असावी. प्रशिक्षणाच्या काळात त्यांना स्पेशल कॅज्युअल लीव्ह मिळण्यासाठी प्रशासनाशी बोलणी करावी. आणि परदेशी मदतीच्या आपल्या कोणत्याही प्रकल्पाचे मूल्यमापन होईल, तेव्हा बाहेरच्या सल्लागाराबरोबर आपला एक शिकलेला माणूस असावा, ही अट करारातच घालावी. तिसऱ्या गोष्टीला विरोध होईल, 'तटस्थता' बिघडते म्हणतील. रेनकोट केव्हा मिळाला हे गँगमनला विचारल्याने तटस्थता कशी बिघडते, ते त्यांनी आम्हांला समजावून सांगावे.

बडोदा, हुबळी, सिकंदराबाद येथील मराठी सभासदांनीही नावे जरूर द्यावीत. अर्ज मराठीत लिहून शाखा सचिवांकडे द्यावा, शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले असले तरी संकोच करू नये. इंग्रजी तर्जुमा कार्यालयातून करून घेऊ.