हिशेबाच्या वहीत तुमची मजुरी आहे का?

गणपती जवळ आले की शेवगावात, बोधेगावात, घोटणला मंडळांच्या पोरांची टी-शर्टसाठी धावपळ सुरू होते. पुढे मंडळाचं नाव, मागे कार्यकर्त्याचं. मग क्रिकेटच्या स्पर्धा येतात, शाळांची गॅदरिंग येतात. अशी छपाई घरबसल्या करणाऱ्या, किंवा करायचं मनात असणाऱ्या मैत्रिणींसाठी आजचे हे चार शब्द. छपाई शिकवणारे पुष्कळ भेटतात, हिशेब मात्र कुणी शिकवत नाही. आणि घोडं अडतं ते तिथेच!

समजा, पन्नास टी-शर्टची, एका रंगाची ऑर्डर आली. कोरा टी-शर्ट जीएसटी धरून १३० रुपयांना पडला. आपण काय म्हणतो? ‘‘१३० चा शर्ट, पाचाची शाई, झाले १३५. १७० ला दिला तर ३५ सुटले. पन्नासाचे १,७५० रुपये!’’ किती सोपं वाटतं, नाही का?

आता वही उघडा आणि एकेक ओळ लिहा. पन्नास टी-शर्टचे ६,५००. दोन खराब होणार हे धरूनच चालायचं, त्यांचे २६०. फिल्म काढून स्क्रीन तयार करायचे ५००. शाई आणि स्क्रीन धुण्याची केमिकल्स २५०. नगरहून माल आणायचे ३००. पिशव्या १००, वीज ९०. बेरीज ८,००० रुपये. १७० च्या भावाने हातात येतात ८,५००. म्हणजे १,७५० नाही, उरले फक्त ५००!

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे भाव तुम्ही घाला. पण या ५०० मागे काय आहे ते बघा. दोघी जावा-जावांनी दिवसभर उभं राहून काम केलं, तर दोघींचे मिळून सोळा तास. तासाला जेमतेम ३१ रुपये पडले. कुणी खुरपायला बोलावलं तर आपण आधी मजुरी विचारतो. मग घरच्या कामालाच शून्य का लिहायचं?

‘घरचंच तर काम आहे’ हे वाक्य आपल्याला फार महाग पडतं. आपल्या तालुक्यातल्या कापसाचंच उदाहरण घ्या. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना घरच्या माणसांच्या राबण्याचीही किंमत खर्चात धरतो. त्या खर्चाच्या किमान दीडपट हमीभाव, हे धोरण २०१८-१९ पासून आहे. तो भाव बाजारात हाती पडतो का, हा वेगळा प्रश्न. पण सरकारी कागदावर शेतातल्या बाईच्या घामाला किंमत आहे आणि आपल्या स्वतःच्या वहीत नाही, हे कसं चालेल?

म्हणून तासाला ७५ रुपये धरून १,२०० रुपये मजुरी लिहा. मशीन, टेबल, फ्रेम झिजतात, त्यांचे ३०० लिहा. खरा खर्च झाला ९,५००, म्हणजे नगाला १९०. नफा त्याच्यावर! मजुरी म्हणजे नफा नव्हे. नफ्यातून उद्याची नवी फ्रेम येते, बुडालेली उधारी भरून निघते.

इथे टक्क्यांची एक गंमत लक्षात ठेवा. १९० वर २५ टक्के चढवले की भाव होतो साधारण २३७. मग मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, ‘‘वहिनी, वीस टक्के तरी कमी करा.’’ आपण भिडेखातर ‘हो’ म्हणतो. २३७ चे वीस टक्के गेले की पुन्हा १९० च! पंचवीस चढवून वीस सोडले की नफा साफ. विक्रीच्या भावात २५ टक्के नफा हवा असेल, तर १९० ला पाऊणने भागा. भाव येतो २५३.

छोट्या ऑर्डरला तोच भाव सांगू नका. स्क्रीनचे ५०० रुपये पन्नास नगांत दहा-दहा पडतात, दहाच नगांत पन्नास-पन्नास. थोड्या नगांना डीटीएफची तयार फिल्म आणून प्रेसने चिकटवणं बहुधा परवडतं. सब्लिमेशन स्वस्त वाटलं, तरी ते पॉलिस्टरवरच धरतं, सुती कपड्यावर नाही.

आणि उधारी? नाव छापलेला टी-शर्ट दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. मंडळाने पाठ फिरवली तर तो घरात पोतेऱ्यालाच! म्हणून निदान कोऱ्या मालाचे पैसे आगाऊ घ्यायचेच, गिऱ्हाईक नात्यातलं असलं तरी.

‘‘एवढा भाव सांगितला तर गिऱ्हाईक जाईल,’’ ही भीती खरी आहे. काही जातीलही. पण तोट्याचं गिऱ्हाईक टिकवून आपण त्याच्या मंडळाला वर्गणीच देत असतो, पावतीसुद्धा न घेता! घरचे ‘तुझ्या धंद्यात राहतं काय?’ म्हणतात, तेव्हा उत्तर द्यायला वहीच लागते. पुढच्या ऑर्डरचा भाव तोंडातून निघण्याआधी त्या वहीत आपल्या मजुरीची ओळ लिहा. आपण नाही लिहिली, तर दुसरं कुणी लिहिणार नाही.