निष्ठा आणि निष्कर्ष : मराठी ख्रिस्ती कथालेखनासंबंधी काही विचार

मराठी कादंबरीच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक अभ्यासक बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कृतीपासून करतात. भालचंद्र नेमाडे यांनी तर मराठी कादंबरीच्या तीन मूलप्रवृत्तींची मांडणी करताना 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' यांच्याबरोबरीने या कादंबरीला वास्तवाकडे वळणाऱ्या प्रवृत्तीची जननी मानले आहे. मराठीला कादंबरी देणारा पहिला हात अशा रीतीने एका ख्रिस्ती लेखकाचा ठरतो. परंतु त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत मराठी ख्रिस्ती साहित्याने जी शिखरे गाठली ती प्रामुख्याने अन्य वाङ्मयप्रकारांत. नारायण वामन टिळकांची कविता, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे वैचारिक व ललित गद्य यांच्या तोलाची ख्रिस्ती कादंबरी किंवा कथासंग्रह कोणता, असे विचारले असता उत्तर चटकन देता येत नाही. आरंभ ज्या प्रकारात झाला त्याच प्रकाराची वाढ का खुंटली, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचा आहेच. पण वसई, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, मुंबई येथे आज कथा लिहू पाहणाऱ्या तरुण ख्रिस्ती लेखकांच्या दृष्टीने तो अधिक निकडीचा आहे. प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

या खुंटण्याचे कारण अनुभवाच्या तुटपुंजेपणात शोधले जाते. समाज संख्येने लहान, म्हणून त्याचे साहित्यही मर्यादित, असे म्हटले जाते. हे कारण टिकणारे नाही. स्वधर्म, स्वकुल आणि स्वजात यांच्याशी ज्यांचे नाते एका निर्णयाने उलटेपालटे झाले, त्यांच्या घरांत कादंबरीला लागणारे द्रव्य इतरांपेक्षा काकणभर अधिकच सापडेल. प्रस्तुत लेखकाच्या मते खरे कारण कथनाच्या रीतीत आहे. आपल्याकडील ख्रिस्ती कथेत निष्ठा आणि निष्कर्ष या दोहोंची गल्लत होत आली. लेखकाची श्रद्धा दृढ आहे, म्हणून कथेचे उत्तरही आधीच ठरलेले असले पाहिजे, असे गृहीत धरले गेले. कथा मग प्रश्नाचा शोध न राहता ठरलेल्या उत्तराकडे जाणारा रस्ता होते, आणि वाचकाला पहिल्या दोन पानांतच मुक्कामाचे गाव दिसू लागते.

'यमुनापर्यटन'चेच उदाहरण घ्यावे. 'हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण' असे तिचे उपशीर्षक आहे. यमुना आणि विनायक यांच्या प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या आजही अस्वस्थ करतात. त्या भागात पदमनजी पाहणारे, ऐकणारे लेखक आहेत. पुढे यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करते आणि पुनर्विवाह करते. येथे उपदेशकाचा आवाज कादंबरीकाराच्या आवाजावर मात करतो. दुःखाचे चित्र मागे पडते आणि उपाय पुढे येतो. यानंतर सुमारे तेहतीस वर्षांनी, १८९० पासून, 'करमणूक'मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीची नायिकाही यमूच आहे आणि तिच्याही वाट्याला वैधव्यच येते. हरिभाऊ सुधारणावादी होते, त्यांचीही मते पक्की होती. पण त्यांनी यमूला स्वतःची कहाणी स्वतः सांगू दिली, आणि उपायाची जागा रिकामी ठेवून शीर्षकातच वाचकाला प्रश्न विचारला : 'पण लक्षांत कोण घेतो!' पदमनजींची करुणा हरिभाऊंच्या करुणेहून उणी नव्हती. फरक पडला तो वाचकावर किती विश्वास टाकला याचा.

या दृष्टीने 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ ख्रिस्ती कथालेखकाने पाठ्यपुस्तकासारखा अभ्यासावा. तो आत्मचरित्रपर आहे, कादंबरी नव्हे. तरीही कथनाचे धडे त्यातूनच अधिक मिळतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. दरम्यानच्या काळात नवऱ्याने घेतलेल्या निर्णयाची किंमत बायकोने कशी चुकती केली, सोवळ्याओवळ्याच्या कल्पना तिच्या मनातून कसकशा सुटत गेल्या, हे त्या सिद्धान्ताच्या भाषेत सांगत नाहीत. चूल, पाणी, पंगत, प्रवास, भांडण आणि हसू यांतून ते आपल्यासमोर घडते. टिळकांचा संताप, विसराळूपणा, घरात पैसा टिकू न देणारे औदार्य हे सारे त्या लिहितात. पतीवरचे प्रेम आणि ख्रिस्तावरची निष्ठा यांपैकी कशालाही त्यामुळे बाध येत नाही. ज्या वाचकाला ख्रिस्ती धर्माशी काही कर्तव्य नाही तोही हे पुस्तक खाली ठेवत नाही, कारण लेखिका त्याला कुठेच नेऊ पाहत नाही.

निष्कर्ष हातचा राखून ठेवणे म्हणजे श्रद्धेशी प्रतारणा, अशी शंका काही लेखकांच्या मनात असते. तिचे निरसन बायबलमधूनच होऊ शकते. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. पण तो संपतो कुठे, याकडे कथाकाराच्या नजरेने क्वचितच पाहिले जाते. धाकटा मुलगा परतला आहे, घरात मेजवानी चालू आहे, आणि थोरला रुसून बाहेर उभा आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. योनाचे पुस्तक तर एका प्रश्नावरच संपते. ईयोबाच्या ग्रंथात मित्रांजवळ प्रत्येक दुःखाचे तयार उत्तर आहे आणि ईयोबाजवळ केवळ तक्रार. शेवटी देवाचा ठपका येतो तो उत्तरे देणाऱ्यांवर. ज्या परंपरेचा मूळ ग्रंथच कथेची दारे अशी उघडी ठेवतो, त्या परंपरेतील लेखकाने ती घाईने लावून घेण्याचे कारण नाही.

यातून लेखनाविषयीच्या काही व्यावहारिक सूचना निघतात. पहिली अशी की, धर्मांतर किंवा मनःपरिवर्तन हा कथेचा शेवट न करता शक्य तेथे आरंभ करावा. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्या घरात काय झाले? बहिणीच्या लग्नाचे बोलावणे आले की नाही? बापाच्या अंत्यविधीला मुलगा कोणत्या बाजूला उभा राहिला? कादंबरीचा प्रदेश येथून सुरू होतो. दुसरी सूचना विरोधी पात्रांबाबत. अश्रद्ध तरुण, कर्मठ काका, पाळकांशी वाद घालणारा शिक्षक यांच्या तोंडी दुबळे युक्तिवाद घालून त्यांना हरवण्यात काही पुरुषार्थ नाही. दस्तयेव्हस्की स्वतः श्रद्धावान होता. तरीही निष्पाप मुलांच्या यातनांवरून ईश्वरी व्यवस्थेवर इव्हान करामाझोव्ह जो आक्षेप घेतो, त्याहून प्रखर आक्षेप एखाद्या नास्तिकालाही मांडता आला नसता. प्रतिपक्षाला आपल्या भात्यातले सर्वांत तीक्ष्ण बाण द्यावेत, मग आपली श्रद्धा कुठे उभी राहते ते पाहावे.

तिसरी सूचना दैवी हस्तक्षेपाविषयी. प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, अशी घटना जीवनात घडू शकते व तिच्याबद्दल कृतज्ञ असणे योग्यच आहे. कथेत मात्र ती लेखकाची पळवाट ठरते. शुसाकु एंडो या जपानी कॅथलिक कादंबरीकाराने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या कादंबरीचे नावच मुळी 'मौन' या अर्थाचे आहे. छळ होत असता देव गप्प का, हा प्रश्न त्याने टाळला नाही. कथेतील कृपेला पात्राने काही किंमत मोजलेली असावी, म्हणजे ती वाचकालाही कृपा वाटते.

चौथी सूचना भाषेची. मिशनकाळात घडलेली एक ख्रिस्ती मराठी आपल्याकडे आहे. तारण, पाचारण, कळप, साक्ष, अभिषेक हे तिचे शब्द. उपासनेत ती शोभते, कारण तेथे ती पिढ्यान्‌पिढ्या ओठांवर रुळलेली आहे. निवेदकाने मात्र तीच भाषा धारण केली की सारी पात्रे एकाच व्यासपीठावरून बोलू लागतात. वसईच्या वाडीतील आजी सामवेदी बोलते, नगरकडच्या खेड्यातील मंडळीचे वडीलधारे तिकडच्या बोलीत बोलतात, आणि दोघेही प्रार्थनेला बसले की त्यांच्या मराठीचा सूर बदलतो. हा बदल टिपता आला तर अर्धे पात्रचित्रण साधलेच. या बाबतीत आपला पूर्वसूरी चार शतकांपूर्वीचा आहे. १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती श्रोत्यांच्या कानांना पुराणाची सवय होती हे ओळखून त्यांनी ओवी स्वीकारली आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरण्यास ते कचरले नाहीत. परदेशातून आलेल्या धर्मगुरूने श्रोत्यांच्या भाषेवर जेवढा विश्वास टाकला, तेवढा तरी या मातीतल्या लेखकाने टाकावा.

विषयांची वाण नाही, फक्त त्यांना हात घालण्याचे धैर्य हवे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा अशी दुहेरी ओळख वागवणारा बाप, आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव पाहून त्याला जाब विचारणारी मुलगी, हा कादंबरीचा विषय नाही काय? देवळात एका बाकावर बसणारी माणसे सोयरीक जुळवताना जुनी जात का विचारतात? वसईत वाड्या आणि विहिरी जाऊन इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा कुटुंबाच्या प्रार्थनेतून काय गळाले? दलित आत्मकथनांनी आपल्या समाजाचे दोष झाकले नाहीत आणि त्यामुळे त्यांची बाजू दुबळी झाली नाही, हे येथे ध्यानी घ्यावे.

येथे एक भीती आड येते, आणि ती काल्पनिक नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काही गटांनी विरोध केला होता. अशा वातावरणात अल्पसंख्य समाजाच्या लेखकाला वाटते की, आपल्या घरातील उणेदुणे लिहिले तर ते परक्यांच्या हाती कोलीत ठरेल. मग तो निर्दोष पाळक, सोशिक माता आणि सेवाभावी परिचारिका यांचीच चित्रे काढत राहतो. पण निर्दोष माणसांवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ज्यांच्यावर विश्वास बसत नाही त्यांच्याविषयी आपुलकीही वाटत नाही. शेजाऱ्याला आपण कळावे अशी इच्छा असेल तर चुकणारी, चिडणारी, शंका घेणारी माणसे त्याच्यासमोर यावी लागतील.

लेखकाकडून एवढी अपेक्षा करताना इतरांची जबाबदारीही सांगितली पाहिजे. नाताळ विशेषांकांच्या संपादकांनी तात्पर्य नसलेली कथा परत पाठवू नये. विद्यापीठीय विभागांनी 'यमुनापर्यटन'चे नाव केवळ पहिलेपणाच्या प्रश्नोत्तरापुरते न वापरता ती कादंबरी वर्गात वाचावी, तिच्या उणिवांसह वाचावी. आणि नव्या लेखकाने आपली कथा पूर्ण झाली की शेवटचा परिच्छेद काढून ती पुन्हा एकदा वाचून पाहावी. पुष्कळदा तो परिच्छेद पाळकांसाठी लिहिलेला असतो. कथा त्याच्या आधीच्या ओळीवर संपलेली असते.