शनी आला खुर्चीसमोर!

लॅपटॉपला आपण काय काय जोडतो? प्रोजेक्टर, प्रिंटर, हेडफोन... दुर्बीण जोडलीय कधी? नाही ना? मग दोस्तहो, या आठवड्याचा उद्योग तोच. हौसेने घेतलेली मोटरची दुर्बीण ज्यांच्या माळ्यावर धूळ खात पडलीय, त्यांनी तर वाचाच!

आधी मोटर कशाला, ते बघू. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसतं. दोनशे पट मोठा करून शनी बघायला जा, एक-दोन मिनिटांत स्वारी नजरेआड! मोटर दुर्बिणीला आकाशाच्याच वेगाने वळवत ठेवते. लॅपटॉप जोडला की स्क्रीनवरच्या नकाशात तारा क्लिक करायचा, दुर्बीण घूं घूं करत तिकडे वळते. मोठ्या वेधशाळांतही हेच चालतं. पुणे जिल्ह्यात गिरवलीला ‘आयुका’ची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे, २००६ साली सुरू झालेली. तिथे कुणी दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही, सगळे कॉम्प्युटरसमोर.

माझं कारण मात्र घरगुती होतं. आई-बाबा वर्ध्याला असतात. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो, तेव्हा नक्षत्रं बाबांनीच शिकवली. आता पंच्याहत्तरी ओलांडली, मान धरलेली. दुर्बिणीत वाकून बघणं त्यांना जमत नाही. म्हटलं, वाकायचंच कशाला? शनीलाच खुर्चीसमोर आणू या!

त्यासाठी दोन वायरी लागतात. एक कॅमेऱ्याची. डोळा लावायची भिंग काढून तिथे छोटा कॅमेरा बसवायचा, त्याची वायर यूएसबीत. ही सोपी. दुसरी मोटरची, आणि खरी परीक्षा तिचीच. बऱ्याच दुर्बिणींच्या हँडसेटला जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट असतो, आजच्या लॅपटॉपला तो नसतोच. मग मध्ये यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घालायचा, त्याचा ड्रायव्हर टाकायचा आणि विंडोजने त्याला कुठला कॉम नंबर दिलाय ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघायचं. तोच नंबर आकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. ‘स्टेलॅरियम’ फुकट मिळतं आणि मस्त चालतं. वेग बहुधा ९६००. वायर हँडसेटच्या खालच्या भोकातच लावा. दुर्बिणीच्या बुडाशी तशीच दिसणारी भोकं असतात, तिथे नको!

झालं जोडून? थांबा. दुर्बिणीला अजून आपण कुठे आहोत हेच माहीत नाही. वर्ध्याचा पत्ता द्या : अक्षांश २०.७ उत्तर, रेखांश ७८.६ पूर्व. टाइम झोन साडेपाच तास. नुसते पाच भरले, तर आकाश साडेसात अंश बाजूला, म्हणजे पंधरा चंद्र शेजारी शेजारी मांडले तेवढं! रेखांशालाही महत्त्व आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंशांवरचं, त्यामुळे वर्ध्याचा सूर्य त्याच्यापेक्षा सरासरी १५-१६ मिनिटं मागे असतो. हा हिशेब दुर्बीण स्वतः करते, तुम्ही फक्त आकडा बरोबर द्यायचा.

आणि तरीही ती विचारते : दोन तारे दाखव. स्क्रीनवर नावं आली, आर्क्टुरस आणि स्पायका. यातला आर्क्टुरस वर कुठला? मी बाबांकडे बघितलं. ते खुर्चीतूनच म्हणाले, “सप्तर्षीची शेपटी धर. तिचा बाक पुढे ने. पयला स्वाती, मंग चित्रा.” आणि वर टोला, “काहून रे, येवढे पैसे घातले, अन् तारा मलेच दाखवा लागते?”

बाबांच्या स्वाती आणि चित्रा म्हणजेच त्या आर्क्टुरस आणि स्पायका. दोन्ही भिंगात मधोमध आणल्या, ओके दाबलं, आणि दुर्बिणीला आकाश कळलं. मग दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी, लाखो ताऱ्यांचा गोल पुंजका. मे महिन्यात रात्री दहा-सव्वादहाला तो वर्ध्याच्या क्षितिजावर जेमतेम २२ अंश चढतो. लंडनकरांना तर कधीच दिसत नाही! कॅमेऱ्याने काही सेकंद प्रकाश साठवला आणि स्क्रीनवर साखर सांडली. फोनवर आमचं बोलणं “जेवलास का?”च्या पुढे जात नाही. त्या रात्री बाबा एक वाजेपर्यंत बोलत होते.

आता टिप्स. विदर्भाच्या उन्हाळ्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो आणि चित्र पाण्यासारखं हलतं. म्हणून ग्रह अकरानंतर बघा. स्क्रीनवर लाल जिलेटिन पेपर लावा, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा कोरे, आणि सरावायला अर्धा तास लागतो. मोटरला वेगळी बारा व्होल्टची बॅटरी द्या.

आणि हो, दोन ठळक तारे गच्चीवर जायच्या आधी स्वतः ओळखायला शिका. ते सांगणारं माणूस घरात असेल, तर त्यांच्यासाठी एक खुर्ची वर न्या. कन्व्हर्टर काय, बाजारात कधीही मिळेल!