साबुदाणा कोणाचा, काटा कोणाचा?



एकादशीच्या खिचडीचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात. आपल्याकडे येणारा बहुतेक माल तमिळनाडूतल्या सेलम भागातला. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल थांबला, तेव्हा १९४३-४४ च्या सुमारास तिथे हा धंदा उभा राहिला.

कृती मायबहिणींना नवी नाही, कुरडयांच्या चिकासारखीच आहे. कंद सोलायचा, धुवायचा, किसायचा, पाण्यात कालवून गाळायचा. हौदात सत्त्व तळाशी बसते, वरचे पाणी सोडून द्यायचे. ओलसर सत्त्व फोडून कापडाच्या झोळीत हलवले की गोळ्या बांधल्या जातात. त्या चाळायच्या, भाजायच्या, उन्हात वाळवायच्या. झोळीचे काम आता यंत्रे करतात.

"प्रक्रिया करा, म्हणजे भाव मिळेल," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कृषीची पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा मीही हेच व्याख्यान देत फिरत असे. कंदात सत्त्व किती ते आम्हाला शिकवले होते, त्याचा भाव कोण ठरवतो ते नाही.

१९८१ साली सेलमला 'सागोसर्व्ह' ही सहकारी संस्था निघाली. गोदामे झाली, ठेवलेल्या मालावर उचल मिळू लागली, दलालाचा फास सैल झाला. २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. चांगलेच झाले. पण ही संस्था कारखानदारांची आहे. कंद पिकवणाऱ्याचा माल कारखान्याच्या दारात जातो, तिथे सत्त्वाचे 'पॉइंट' मोजतात आणि पॉइंटवर भाव ठरतो. मोजणारा घेणाराच. कंद तर काढल्यावर दोन-तीन दिवसांत आतून काळानिळा पडू लागतो. भाव पटला नाही म्हणून तो परत कुठे नेणार?

(हे वाचून कोणी काळ्या भारी रानात टॅपिओका लावू नये. पाणी साचले की कंद कुजतो.)

आता आपल्या कापसाचा ओलावा आठवा. मुठीत बोंड दाबून व्यापारी आकडा सांगतो, आपण मान हलवतो. आपला कापूस तर दोन दिवसांत नासत नाही. ज्वारीही नीट वाळवून ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. तरी आपण दिवाळीच्या तोंडाला नासक्या कंदासारखा माल विकतो, कारण सावकार आणि कृषी केंद्रवाला दारात उभे असतात. जिनिंग काढा, ज्वारीच्या पापड्यांचे गट काढा, मी आडवा येणार नाही. पण माल थोपवून धरण्याची ताकद आधी हवी. शेतमाल तारण योजना राबवणाऱ्या बाजार समितीत ज्वारी ठेवून कर्ज मिळते. आपल्यापैकी किती जणांनी ते कधी मागितले?

पुढच्या बैठकीला येताना गेल्या हंगामातल्या कापसाच्या काटापट्ट्या घेऊन या. ओलाव्यापोटी कोणाचे किती कापले ते समोरासमोर मांडून बघू.