पेटीमागचा मुलगा

कोळवणच्या आमच्या घरी दिवाळीत भजन असते. पेटीवर माझा पुतण्या. गळा गोड, पण पुढे बुवा बसलेले, म्हणून स्वारी मुकाट्याने सूर धरून असते!

यंदा त्याच्या मोबाईलवर रॉक संगीताचा गदारोळ ऐकून मी मास्तरकीच्या सवयीने कपाळाला आठ्या घातल्या. तो हळूच म्हणाला, "काका, हा गाणारा पाचगणीत शिकलेला."

झाले! आठ्या गेल्या, कान टवकारले. फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारोख बुलसारा. १९४६ साली झांझिबारला जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहिला. तिथे मुलांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात हा बसे पियानोवर. मुख्य गायक दुसराच! पुढे कुटुंब इंग्लंडला गेले आणि १९७० साली 'क्वीन' हा बँड उभा राहिला, तेव्हा मात्र गायक तोच होता. १९८५ साली लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर सत्तर हजारांवर श्रोते त्याच्या सुरात सूर मिसळत होते. १९९१ साली एड्सने तो गेला, अवघा पंचेचाळीस वर्षांचा.

वर्गात आम्हांला दिसतो तो पुढे उभा असलेला मुलगा. वाद्यामागे बसलेल्याला "गातोस का रे?" असे आम्ही सहसा विचारीत नाही. मीही पुतण्याला कधी विचारले नव्हते.

भाऊबीजेच्या रात्री बुवांना विनंती केली. एक अभंग पुतण्याने म्हटला. पहिल्या चरणाला आवाज कापला, दुसऱ्याला सावरला. बुवांनी आपले टाळ जरा हळू केले, एवढे मी पाहिले.